सावलीतल्या वाफ्यात वेखंड: आधी पाणी, मग लागवड

नागपुरात वेखंड लावणाऱ्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते. जुलैत लावलेले रोप दिवाळीपर्यंत तरारून वाढते, जानेवारीत मंदावते आणि एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पानांची टोके करपून मे संपण्याच्या आत सगळा ठोंब वाळून जातो. दोष उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लागवडीचा क्रम चुकलेला असतो. रोप आधी येते, त्याला जागा नंतर शोधली जाते, आणि पाण्याचा विचार पाने पिवळी पडल्यावर होतो. वेखंड ही ओढ्याकाठच्या आणि दलदलीतल्या चिखलात वाढणारी वनस्पती आहे. हळदीसारखी निचऱ्याच्या कुंडीत लावली तर ती काही महिने तग धरते, जगत नाही. म्हणून या लेखात निम्म्याहून अधिक जागा लागवडीपूर्वीच्या कामांना दिली आहे.

घराच्या बाजूच्या सांदीत, मोठ्या झाडाखाली किंवा उत्तरेकडच्या भिंतीजवळ, जिथे हिरवळ धरत नाही आणि फुलझाडे फुलत नाहीत, अशा जागी वेखंड चांगले येते. मात्र 'सावली' म्हणजे नेमकी कोणती सावली, हे आधी ठरवावे लागते.

१. जागा पारखणे (जानेवारी आणि मे)

जागेची पाहणी दोनदा करावी, कारण नागपुरात हिवाळ्यातली सावली उन्हाळ्यात तशीच राहत नाही. हे शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्हीलाही किंचित उत्तरेकडे असतो. या काळात सूर्य ईशान्येकडून उगवून वायव्येकडे मावळत असल्यामुळे उत्तरेची जी भिंत डिसेंबरभर सावलीत असते, तिच्यावर मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ सरळ ऊन येते. जानेवारीत जागा पाहून वाफा खणणारे लोक नेमके इथे फसतात.

वेखंडाला सकाळचे दोन ते तीन तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस उजेडाची सावली पुरेशी असते. दुपारी दोननंतरचे पश्चिमेचे ऊन मात्र इथल्या उन्हाळ्यात त्याला सोसत नाही, त्यातही पांढरा रंग दिलेल्या भिंतीवरून परावर्तित होऊन येणारी झळ अधिक घातक असते. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात उलट प्रकार होतो: पाने लांब, पातळ आणि फिकट होतात आणि ठोंबातून बाहेर कलंडतात.

पडताळणी: निरभ्र दिवशी दुपारी बाराच्या सुमारास वाफ्याच्या जागी जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा आडवा धरावा. बोटांची सावली पुसट, कडा विरघळलेल्या अशी दिसली तर जागा योग्य आहे. सावली काळी व रेखीव असेल तर मार्चपासून हिरव्या जाळीची सोय करावी लागेल. सावली मुळीच पडत नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

झाडाखालची जागा घेताना झाड कोणते आहे हेही पाहावे. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि पाठोपाठ फुलोरा गळतो. हा सगळा बारीक पाचोळा वाफ्यातल्या पाण्यात कुजतो, त्यामुळे त्या दोन महिन्यांत तो दर चार दिवसांनी उचलण्याची तयारी असेल तरच निंबाखाली वाफा करावा. आंबा, जांभूळ यांसारख्या झाडांची मुळे ओलावा शोधत येतात, म्हणून खोडापासून किमान दीड-दोन मीटर अंतर राखावे.

२. पाणी धरणारा वाफा तयार करणे (मे)

मोठ्या वाफ्याचा खटाटोप नको असेल तर ४५ सेंटिमीटर रुंदीचा आणि ३० सेंटिमीटर खोलीचा बिनछिद्राचा प्लास्टिकचा टब घ्यावा. अशा एका टबात तीन कांड्या (कंदाचे कोंब असलेले तुकडे) लागतात. पुढच्या सूचना टबालाही लागू आहेत, फक्त उन्हाळ्यात टब जमिनीत गळ्यापर्यंत पुरावा, कारण उघड्यावरचा टब बाजूंनी तापतो आणि मुळे अक्षरशः शिजतात.

जमिनीतला वाफा दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल खणावा. त्यात ३० सेंटिमीटरच्या अंतराने पंधराएक रोपे बसतात. मे महिन्यात इथली काळी माती तडे जाऊन दगडासारखी झालेली असते, म्हणून आदल्या रात्री जागेवर पाणी सोडून ठेवावे आणि सकाळी सब्बल लावावी. घराच्या पायापासून वाफा किमान एक मीटर दूर हवा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि कायम ओला वाफा पायाला टेकून असेल तर त्या हालचालीचे परिणाम भिंतीवर दिसतात. याच कारणाने विटा-सिमेंटचे पातळ अस्तर इथे टिकत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला चीर जाते.

त्याऐवजी शेततळ्यासाठी मिळते ते जाड प्लास्टिक वापरावे. खड्ड्याच्या तळातून आणि बाजूंतून गिट्टी, मुळांचे खुंट आणि काचेचे तुकडे वेचून काढावेत, तळावर तीन-चार सेंटिमीटर रेती पसरावी आणि तिच्यावर प्लास्टिक सैलसर अंथरावे. ताणून बसवलेले प्लास्टिक मातीच्या वजनाने फाटते. कडेला चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर प्लास्टिक जास्तीचे ठेवून ते विटांखाली दाबावे. एका बाजूची कड इतर कडांपेक्षा चार सेंटिमीटरने खाली ठेवावी, म्हणजे पावसाळ्यातले जादा पाणी नेमके तिथून बाहेर जाईल. ही उतरती कड सांडपाण्याच्या नालीकडे असावी, पण तिथून कांड्या वाहून जाणार नाहीत म्हणून तिच्यावर जाळी बसवावी. वेखंड नालीच्या चिखलात सहज पसरते.

पडताळणी: माती टाकण्यापूर्वी वाफा पाण्याने भरावा आणि त्याच्या शेजारी, त्याच सावलीत, पाण्याने भरलेली एक बादली ठेवावी. दोन्हींत पाण्याच्या पातळीवर खूण करून एक दिवस थांबावे. मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनानेही पाणी सेंटिमीटरभर उतरू शकते, त्यामुळे वाफ्यातले पाणी कमी झाले एवढ्यावरून गळती ठरवू नये. बादलीत जेवढी पातळी उतरली तेवढीच वाफ्यात उतरली असेल तर गळती नाही. वाफ्यात ती बरीच जास्त उतरली असेल तर छिद्र शोधावे. माती भरल्यावर ते सापडत नाही.

३. माती भरणे आणि मुरवणे (जूनचा पहिला पंधरवडा)

या वाफ्याला सुमारे २५ ते ३० घमेली माती लागते. प्रमाण असे ठेवावे: सहा घमेली काळी माती, दोन घमेली जाड रेती आणि एक घमेले पूर्ण कुजलेले, निदान वर्षभर जुने शेणखत. कुंडीच्या सवयीने लोक खताचे प्रमाण वाढवतात. चिखलात हवा नसते, त्यामुळे अर्धकच्चे खत तिथे कुजण्याऐवजी सडते आणि त्या सडण्यात कोवळी मुळे जातात. काळी माती चिकट आहे म्हणून ती टाळण्याचाही मोह होतो, परंतु पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे तिचे जे गुण कुंडीत अडचणीचे ठरतात, तेच या वाफ्यात उपयोगी पडतात.

सावधान: नाल्यातला किंवा तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणून आणू नये. त्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. लव्हाळा एकदा वाफ्यात शिरला की वेखंडाच्या कांड्यांमध्ये गुंतून राहतो आणि त्याची प्रत्येक तुटलेली गाठ नवा कोंब देते. कोवळेपणी दोन्हींची पाने लांबट असल्यामुळे गोंधळ होतो. लव्हाळ्याचा तुरा धरणारा दांडा दोन बोटांत फिरवला की तीन कडा स्पष्ट लागतात, आणि पान चुरडले तर वेखंडाचा वास येत नाही. दिसताक्षणी खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा. वरून उपटला तर तो दुप्पट येतो.

माती काठाच्या दहा सेंटिमीटर खालपर्यंत भरावी, पाणी सोडून पायाने तुडवावी आणि दोन आठवडे तशीच ओली ठेवावी. हा थांबण्याचा काळ बहुतेक जण गाळतात. याच काळात माती बसते, हवेचे पोकळ कप्पे बुजतात आणि खतात कच्चेपणा असेल तर तो उघडा पडतो.

पडताळणी: पंधरा दिवसांनी काठी तळापर्यंत खुपसून बाहेर काढावी. एखाद-दुसरा बुडबुडा येणे स्वाभाविक आहे. बुडबुड्यांची रांग लागली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी उपसून माती आठवडाभर उघडी ठेवावी, खालीवर करावी आणि पुन्हा भिजवावी. वास पूर्ण जाईपर्यंत लागवड करू नये.

४. कांड्या मिळवणे

वेखंडाला बी क्वचितच धरते, त्यामुळे लागवड कंदाच्या कांड्यांनीच होते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे वाळलेले वेखंड कितीही ताजे दिसले तरी ते उगवत नाही, तरीही दरवर्षी कुणी ना कुणी ते भिजत घालून कोंबाची वाट पाहत बसते. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून जिवंत ठोंब घ्यावा किंवा ज्यांच्याकडे जुना वाफा आहे त्यांच्याकडून कांडी मागून आणावी.

घेताना पान चुरडून पाहावे. वेखंडाच्या पानाला कंदासारखाच उग्र, गोडसर वास असतो. पान तलवारीसारखे, मधली शीर ठळक पण नेमकी मध्यावर नसून किंचित एका बाजूला, आणि कड बहुधा थोडी चुणीदार असते. तशाच पानांची काही शोभेची रोपे 'पाणवेखंड' म्हणून खपवली जातात, त्यांना हा वास नसतो. मग कंद पाहावा. जिवंत कंद बाहेरून तपकिरी-गुलाबी असतो, त्याच्या वरच्या बाजूला गळलेल्या पानांचे वण दिसतात आणि खालच्या बाजूने मुळे फुटलेली असतात. नखाने टोचल्यावर आतला भाग पांढरट आणि भरीव लागला पाहिजे. मऊ, तपकिरी आणि आंबूस वासाचा कंद घेऊ नये.

एक कांडी सहा ते आठ सेंटिमीटर लांब असावी आणि तिच्या टोकाला वाढता कोंब असलाच पाहिजे. मधले, कोंब नसलेले तुकडेही कधीकधी फुटतात, पण त्यांच्या भरवशावर वाफा लावणे शहाणपणाचे नाही. कापताना स्वच्छ, धारदार सुरी वापरावी, पाने बारा सेंटिमीटरवर छाटावीत आणि काप तीन-चार तास सावलीत सुकू द्यावा. लावायला उशीर होणार असेल तर कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवाव्यात. बादलीत बुडवून ठेवलेल्या कांड्यांचे ताजे काप कुजतात.

५. लागवड (जूनअखेर ते जुलै)

मृग लागला म्हणून घाई करू नये. नागपुरात पाऊस बहुधा जूनच्या मध्यानंतर स्थिरावतो आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा आठवडाभर ऊन तापते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवेत दमटपणा टिकू लागला की लागवड करावी. मार्च ते मे हा काळ पूर्ण टाळावा, कारण मुळे धरण्याआधीच पानांतून पाणी उडून जाते.

लागवडीच्या दिवशी वाफ्यावरचे साचलेले पाणी काढून टाकावे, फक्त चिखल उरला पाहिजे. बोटांनी उथळ चर करून कांडी आडवी, मुळे खाली आणि कोंब किंचित वर अशी ठेवावी. कांडीवर तीन ते चार सेंटिमीटर चिखल असावा, मात्र कोंबाचे टोक चिखलाच्या वर उघडे राहिले पाहिजे. सर्वांत जास्त रोपे याच पायरीवर मरतात. उभी खुपसलेली कांडी खालून कुजते आणि कोंबासकट पुरलेली कांडी वर येतच नाही. दोन कांड्यांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सगळ्यांचे कोंब एकाच दिशेला करावेत. कंद कोंबाच्या दिशेने सरकत वाढतो, त्यामुळे काठालगतच्या कांड्यांची तोंडे आत हवीत. नाहीतर वर्षभरात त्या प्लास्टिकला भिडतात.

पहिले दोन आठवडे पाणी चिखलाच्या पातळीलाच ठेवावे. मोठा पाऊस येऊन कांड्या तरंगू लागल्या तर जाड तारेचे वाकवलेले आकडे त्यांच्यावर खोचून त्या बसवाव्यात. नवे पान बोटभर निघाल्यावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी उभे राहू द्यावे, आणि पाने वीतभर झाल्यावर ते पाच सेंटिमीटरपर्यंत न्यावे. दहा सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्याची घरच्या वाफ्यात गरज नाही.

पडताळणी: वीस दिवसांनी पानांचा जुडगा दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. ताण जाणवला तर मुळे धरली आहेत. बाहेरची एक-दोन जुनी पाने पिवळी पडणे चिंतेचे नाही. पंख्यासारख्या मांडणीच्या मधून नवे पान निघत असले पाहिजे.

६. डासांचा बंदोबस्त

हा विषय शेवटी उरकण्याचा नाही. उभ्या पाण्याचा वाफा म्हणजे डेंग्यूच्या डासांना आयते घर. अंड्यापासून डास व्हायला गरम हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पाणी पूर्ण उतरवून चिखल तेवढा ओला ठेवावा आणि प्लास्टिकची उघडी बाजू ब्रशने घासावी, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी राहूनही टिकतात. गप्पी मासे सोडायचे असतील तर एका कोपऱ्यात किमान २० सेंटिमीटर खोलीचे डबके लागते. पाच सेंटिमीटर पाण्यात ते मे महिन्यात मरतात.

आमच्या मते घरासाठी तिसरा मार्ग सर्वांत निर्धास्त आहे. रोपे दोन-अडीच महिन्यांची झाल्यावर चिखलावर तीन सेंटिमीटर धुतलेली बारीक गिट्टी पसरावी, कोंबांभोवती मूठभर जागा मोकळी सोडावी, आणि पाणी गिट्टीच्या वर कधी येऊ देऊ नये. चिखल पूर्ण भिजलेला राहतो, उघडे पाणी दिसत नाही, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनही कमी होते.

७. कोणते पाणी घालावे

पाण्याची मात्रा सांभाळणारे लोक पाण्याच्या जातीकडे दुर्लक्ष करतात. वाफ्यातून उडते ते नुसते पाणी, त्यातले क्षार मागे राहतात. प्रत्येक भरणीबरोबर ते साठत जातात आणि पानांची टोके तपकिरी होऊ लागतात. नळाचे पाणी चालते. बोअरचे पाणी वाळल्यावर बादलीला पांढरी साय धरत असेल तर ते एकट्याने वापरू नये.

कुलरच्या टाकीतले पाणी वाफ्यात सोडण्याची इथे फार पद्धत आहे आणि ती सोडून दिली पाहिजे. कुलर दिवसभर पाणीच उडवतो, त्यामुळे टाकीच्या तळाशी उरलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते. त्यात डासांसाठी टाकलेले रॉकेल किंवा सुगंधी द्रव्य असले तर विचारूच नका. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणीही याच कारणाने नको. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते, ते अवश्य साठवून घालावे.

सावधान: मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजण्याइतके तापते. भरणी सकाळी सातच्या आत करावी.

पावसाळ्यात क्षार आपोआप धुऊन जातात. डिसेंबरमध्ये आणि एप्रिलच्या सुरुवातीला मात्र वाफ्यातले पाणी एकदा पूर्ण उपसून नवे भरावे.

८. वर्षभराची निगा

खत वर्षातून दोनदाच द्यावे, लागवडीनंतर दीड महिन्याने आणि फेब्रुवारीच्या अखेरीस. गांडूळखत काळ्या मातीत मळून लिंबाएवढे गोळे करावेत आणि दर दोन ठोंबांमध्ये एक गोळा बोटभर खोल खुपसावा. पाण्यावर पसरलेले खत वेखंडाला मिळण्याआधी शेवाळाला मिळते.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेले की वाढ थांबते आणि काही पाने पिवळी पडतात. रोप मेले असे समजून पाणी तोडू नये आणि जाग यावी म्हणून खतही देऊ नये. पिवळी पाने बुडापासून कापावीत. ओढून काढल्यास कोवळा कोंब सोबत येतो.

मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी उभी बांधावी. डोक्यावरच्या जाळीपेक्षा ही उभी जाळी महत्त्वाची, कारण ऊन तिरपे येते आणि त्याच बाजूने गरम वाराही येतो. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून पाऊस स्थिरावेपर्यंत पाण्याची पातळी रोज पाहावी. या काळात चिखल एकदा जरी वाळून तडकला तरी बारीक मुळे तुटतात आणि नंतर कितीही पाणी घातले तरी ठोंब महिनाभर सावरत नाही. बाहेरगावी जायचे असेल तर पाण्याची सोय शेजाऱ्यांवर न सोडता वाफ्यात बुडाला बारीक छिद्र असलेला माठ पुरावा, भरून झाकावा आणि शेजाऱ्यांना फक्त तो भरायला सांगावे.

बिघाड ओळखताना तो कुठून सुरू झाला ते पाहावे. टोकाकडून तपकिरी होणारे पान क्षार किंवा गरम वारा सांगते. सगळे पान सारखेच फिकट होत असेल तर उजेड किंवा खत कमी आहे. बुडाशी मऊ, काळसर आणि दुर्गंधी असेल तर कोंब गाडला गेला आहे किंवा खत कच्चे होते. असा ठोंब काढून, कुजलेला भाग निर्दयपणे कापून, उरलेली कांडी नव्या जागी लावावी. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढावा. पाण्याच्या वाफ्यात रासायनिक फवारणी करू नये.

९. विरळणी आणि काढणी

दोन वर्षांत वाफा गच्च भरतो आणि मधले ठोंब उपाशी राहून बारीक पाने काढू लागतात. विरळणी पुन्हा लागवडीसाठी करायची असेल तर जुलैत करावी. कंद वाळवून ठेवायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत, खालची पाने पिवळी पडल्यावर, एकतृतीयांश वाफा उकरावा आणि बाकीचा हलवू नये. कंद धुऊन, मुळे खरडून, बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी, कापडावर एकेरी पसरावेत. उन्हात वाळवल्यास सुगंधी तेल उडून जाते. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन तुटला की तो वाळला, मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा.

सावधान: घरचे आहे म्हणून ते पोटात घेण्यास सुरक्षित ठरत नाही. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य उंदरांवरील प्रयोगांत कर्ककारक आढळल्यामुळे अमेरिकेत १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी आली, आणि भारतातील वेखंडात या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळते. बाळाला उगाळून चाटवणे किंवा त्याची पूड नाका-तोंडाजवळ फुंकणे टाळावे. औषध म्हणून घ्यायचे असल्यास वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

उकरलेल्या जागेत त्याच दिवशी नवी माती-रेती भरून पाणी पातळीला आणावे. ती जागा तशीच खोल राहिली तर शेजारचे ठोंब खड्ड्यात कलतात आणि त्यांचे कोंब चिखलाखाली जातात.